ही बढाई नव्हे, हा दावा आहे!

आमच्या वस्त्यांमधून अलीकडे एक नवा आवाज ऐकू येतो. संध्याकाळी विहाराच्या बाजूने भीमगीते पूर्वीही ऐकू यायची, आजही येतात. पण आता त्यांच्या जोडीला तरुण मुलामुलींच्या मोबाईलवर रॅपही वाजत असते. कधी ते मराठी-हिंदीतले असते, कधी थेट अमेरिकेतले. जयंतीच्या तयारीच्या एका बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला सरळच विचारले, "वकीलसाहेब, हे गाणे म्हणायचे की भांडण? त्या बाया उठतात त्या आपलीच टिमकी वाजवतात. रूप माझे, पैसा माझा, शहर माझे! यात समाजाचे काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला 'आजकालची पिढी बिघडली' हे उत्तर नव्हे आणि 'तुम्हाला कळणार नाही' हेही उत्तर नव्हे. म्हणून एकच गाणे उदाहरणादाखल घेऊन आम्ही या बढाईमागचा अर्थ तपासायचे ठरवले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी आपले नाते काही आजचे नाही. क्रांतिबा जोतिराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांची दास्यातून मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि डुबॉइस यांनी त्याला उत्तरही पाठवले. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव 'ब्लॅक पँथर'वरून घेतले. तेव्हा तिकडच्या दोन स्त्रिया काय म्हणतात, कशासाठी म्हणतात, हे समजून घेणे म्हणजे आपल्या नात्यातल्या माणसांचे बोलणे ऐकण्यासारखेच आहे.

हे गाणे म्हणजे 'सॅव्हेज'ची रिमिक्स आवृत्ती. कोरोनाची टाळेबंदी चालू असताना, २९ एप्रिल २०२० रोजी ती प्रसिद्ध झाली. गाणाऱ्या दोघी टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात वाढलेल्या. एक बियॉन्से, १९८१ सालची, जगभर नावाजलेली. दुसरी मेगन द स्टॅलियन, १९९५ सालची, तेव्हा नुकतीच पुढे येत असलेली. मेगनची आई स्वतः रॅप करायची आणि मुलीला स्टुडिओत सोबत न्यायची. मार्च २०१९ मध्ये ती वारली. मेगनचे मूळ गाणे आधीच गाजले होते, त्यात बियॉन्सेने आपली नवी कडवी घातली. मे महिन्यात हे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. मार्च २०२१ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॅप सादरीकरण आणि सर्वोत्कृष्ट रॅप गीत असे दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. गाण्याचे उत्पन्न ह्यूस्टनमधल्या 'ब्रेड ऑफ लाइफ' या संस्थेच्या कोरोना मदतकार्याला देण्यात आले. म्हणजे 'यात समाजाचे काय' या प्रश्नाचे एक साधे उत्तर तर इथेच मिळते. पण आमचा मुद्दा त्यापुढचा आहे.

गाण्यात आहे काय? शुद्ध बढाई. आपला देह, आपली चाल, आपला पैसा, आपली हुशारी, आपले गाव, यांची एकामागून एक मोजदाद. आपल्याकडच्या माणसाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर उभा राहिला की आधी आपला गुरू सांगायचा, गाव सांगायचा, आपल्या कवनाचा तोरा मिरवायचा आणि मग समोरच्या फडाला सवाल टाकायचा. आपला तोरा हा त्या कलेचाच भाग असे. रॅपचे तसेच आहे. फरक एवढाच की तो तोरा मिरवण्याचा मान तिकडेही बराच काळ पुरुषांनी आपल्याकडे ठेवला.

खरे तर या कलेच्या जन्माच्या वेळी बाई हजर होती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ज्या पार्टीतून हिप-हॉप सुरू झाले असे मानतात, ती सिंडी कॅम्पबेल या मुलीने भरवली होती. नाव मात्र तबकड्या वाजवणाऱ्या तिच्या भावाचे झाले. १९८४ साली रोक्सान शांटे ही चौदा वर्षांची मुलगी पुरुष गायकांना गाण्यातूनच उत्तर द्यायला उभी राहिली. १९८९ साली क्वीन लतीफा आणि लंडनची मोनी लव्ह या दोघींनी 'लेडीज फर्स्ट' हे गाणे केले. त्यातही बढाई होती. पण त्याच्या चित्रफितीत सोजर्नर ट्रुथ, अँजेला डेव्हिस, विनी मंडेला यांच्या प्रतिमा होत्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याची दृश्ये होती. नेल्सन मंडेला तेव्हा तुरुंगातच होते. म्हणजे दोन बायकांनी मिळून 'आम्ही श्रेष्ठ' असे म्हणणे आणि आपल्या समाजाचा इतिहास सांगणे, या दोन गोष्टी तेव्हापासूनच एकत्र चालत आल्या आहेत.

आता 'सॅव्हेज' या शब्दाकडे वळू. त्याचा अर्थ रानटी, जंगली, असंस्कृत. युरोपातून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी आफ्रिकेच्या माणसाला हाच शब्द लावला आणि अमेरिकेच्या मूळनिवासी माणसालाही हाच लावला. ज्याला रानटी ठरवले त्याची जमीन घ्यायला परवानगी लागत नाही आणि त्याला विकायला लाज वाटत नाही. आपल्याकडच्या राक्षस, दैत्य या शब्दांचे मर्म फुल्यांनी याच पद्धतीने उलगडून दाखवले होते. शब्द आधी येतो आणि लूट त्याच्या मागून येते. आजच्या तरुणांच्या बोलीत 'सॅव्हेज' म्हणजे बेधडक, कुणाला न जुमानणारा, असा अर्थ रूढ झाला आहे हे खरे. पण दोन कृष्णवर्णीय स्त्रिया तो शब्द कपाळावर मिरवतात, तेव्हा जुना अर्थ पुसला जात नाही. उलट जी शिवी होती तीच बिरुद म्हणून वापरली जाते. 'दलित' हा शब्द आपल्या साहित्याने आणि चळवळीने कसा वापरला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

गाण्यातल्या देहाच्या बढाईवर सर्वांत जास्त नाके मुरडली जातात. येथे आम्हाला वकील म्हणून एक जुना खटला आठवतो. अमेरिकेच्या मिसुरी राज्यात सेलिया नावाची एक गुलाम मुलगी होती. मालकाने विकत घेतल्यापासून तो तिच्यावर बलात्कार करत होता. १८५५ साली एका रात्री तिने त्याला ठार केले. मिसुरीच्या कायद्यात त्या वेळी 'कोणत्याही स्त्री'वर अशी जबरदस्ती करणे हा गुन्हा होता. तिच्या वकिलांनी विचारले की 'कोणतीही स्त्री' यात गुलाम स्त्री येते की नाही? न्यायाधीशांनी ज्यूरीला तसे सांगायला नकार दिला. सेलियाला डिसेंबर १८५५ मध्ये फाशी देण्यात आले. आपल्या देहाचे रक्षण करण्याचा अधिकार त्या न्यायालयाने तिला दिला नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ती स्त्री नव्हती, मालमत्ता होती.

आपल्या भाषेत सांगायचे तर त्या देहाच्या सातबाऱ्यावर मालकाचे नाव होते. टेक्सासमधल्या गुलामांना मुक्तीचा हुकूम ऐकायला मिळाला तो १९ जून १८६५ रोजी, गॅल्व्हेस्टन बंदरात. ते ठिकाण ह्यूस्टनपासून फार लांब नाही. त्याच मुलखातल्या दोन स्त्रिया आज माइकसमोर उभ्या राहून 'हा देह माझा, याची किंमत मी ठरवणार, याचा आनंद माझा' असे म्हणतात, तेव्हा सुशिक्षित माणसाला तो थिल्लरपणा वाटतो. आम्हाला मात्र त्यात सातबाऱ्यावर आपले नाव लावून घेण्याचा अर्ज दिसतो. ज्याच्या नावावर पिढ्यान्पिढ्या जमीन आहे तो 'ही माझी जमीन' असे ओरडत फिरत नाही. ओरडावे त्यालाच लागते ज्याचे नाव कागदावर कधी लागलेच नाही. म्हणून आम्ही म्हणतो की ही बढाई नव्हे, हा दावा आहे.

आणि हे केवळ अलंकारिक बोलणे नाही. हे गाणे अक्षरशः कोर्टाच्या दारातून बाहेर आले आहे. मेगनने तरुण वयात एका रेकॉर्ड कंपनीशी करार केला होता. त्यातली कलमे आपल्याला तेव्हा नीट समजली नव्हती, असे तिने पुढे सांगितले. नाव झाल्यावर तिने करार बदलून मागितला. त्यानंतर आपले नवे संगीत प्रसिद्ध होऊ दिले जात नाही, अशी तक्रार घेऊन ती मार्च २०२० मध्ये ह्यूस्टनच्या न्यायालयात गेली. कंपनीने तिचे आरोप फेटाळले. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि ६ मार्च २०२० रोजी तिचा 'सुगा' हा गीतसंग्रह बाहेर पडला. 'सॅव्हेज' त्यातलेच. कंपनीशी चाललेला वाद मिटायला पुढे ऑक्टोबर २०२३ उजाडले. आम्ही रोज कोर्टात अशी माणसे पाहतो, ज्यांनी न वाचता, किंवा वाचता येत नसताना, कागदावर अंगठा उठवला. बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द आधी का ठेवला, हे अशा वेळी कळते.

दोघींनी एकत्र येण्यालाही अर्थ आहे. करमणुकीच्या धंद्यात कृष्णवर्णीय स्त्रीसाठी जणू एकच खुर्ची ठेवलेली असते. एक आली की दुसरीने उठायचे. मग कोण मोठी, कोण कुणावर जळते, अशा बातम्या पेरायच्या आणि दोघींच्या भांडणावर पैसा करायचा. हा डाव आपल्याला अपरिचित नाही. एका जागेवर आपल्यातल्या दोघांना झुंजवायचे आणि उरलेल्या साऱ्या जागा आपल्याकडे ठेवायच्या, हे आपण प्रत्येक निवडणुकीत पाहतो. बियॉन्सेला २०२० साली कुणाच्या आधाराची गरज नव्हती. तरीही तिने आपल्या गावच्या, आपल्याहून तेरा-चौदा वर्षांनी लहान असलेल्या मुलीच्या गाण्यात येऊन तिच्या शेजारी उभे राहणे पसंत केले. गाण्यात दोघी एकमेकींवर मात करत नाहीत, आळीपाळीने आपापली थोरवी सांगतात. बढाई एकट्याने मारली तर ती घमेंड ठरते. दोघींनी खांद्याला खांदा लावून मारली तर तिच्यात भगिनीभाव येतो.

परंतु वाचकहो, केवळ दावा दाखल केल्याने निकाल आपल्या बाजूने लागत नाही. या गाण्याची खरी परीक्षा पुढेच झाली.

१२ जुलै २०२० रोजी, म्हणजे गाणे पहिल्या क्रमांकावर गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, लॉस एंजेलिसमध्ये मेगनच्या पायांवर गोळ्या झाडल्या गेल्या. सुरुवातीला तिने पोलिसांना सांगितले की पायात काच घुसली. पुढे तिने त्याचे कारण सांगितले. जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसांनी मिनियापोलिसमध्ये २५ मे रोजी मारल्याला दोन महिनेही झाले नव्हते. बंदुकीचे नाव काढले तर पोलीस तिथे असलेल्यांपैकी कुणालाही मारतील, ही भीती तिला होती. म्हणजे जखमी बाईला स्वतःच्या जखमेपेक्षा पोलिसांची भीती अधिक! आणि ज्या क्षणी तिने गायक टोरी लेन्झ याचे नाव घेतले, त्या क्षणापासून खटला त्याच्यावर कमी आणि तिच्यावर जास्त चालू लागला. ती खोटे बोलते, तिला गोळी लागलीच नाही, अशा अफवा उठल्या. तिच्या जखमेवर विनोद झाले आणि काही नामवंत पुरुष कलावंतांनीही त्यात हात धुऊन घेतले. तिची गाणी, तिचे कपडे, तिचे खाजगी संबंध, सारे चव्हाट्यावर आले. 'जी बाई अशी गाणी म्हणते तिचा काय विश्वास?' हाच सूर होता.

३ ऑक्टोबर २०२० रोजी तिने याला उत्तर दिले ते याच गाण्यातून. अमेरिकेच्या एका अत्यंत लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात ती 'सॅव्हेज' गात होती. गाणे मध्येच थांबले, गोळ्यांचे आवाज झाले, मागच्या पडद्यावर गोळ्यांची छिद्रे उमटली आणि माल्कम एक्स यांचा आवाज ऐकू आला. अमेरिकेत सर्वांत अपमानित आणि सर्वांत असुरक्षित कोणी असेल तर ती कृष्णवर्णीय स्त्री, हे त्यांनी १९६२ साली सांगितले होते. त्यानंतर केंटकी राज्याच्या महाधिवक्त्यावर टीका करणारा एका कार्यकर्तीचा आवाज आला. त्या राज्यात १३ मार्च २०२० रोजी ब्रियोना टेलर या सव्वीस वर्षांच्या तरुणीला पोलिसांनी मध्यरात्री तिच्याच घरात गोळ्या घातल्या होत्या. सप्टेंबरमध्ये तिथल्या ग्रँड ज्यूरीने एका पोलिसावर आरोप ठेवला, तोही तिच्या मृत्यूबद्दल नव्हे, तर शेजारच्या घरात गोळ्या गेल्याबद्दल! त्या रात्री कार्यक्रम पाहणाऱ्याला बढाई आणि गाऱ्हाणे या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत हे दिसले. 'मी कुणीतरी आहे' असे बाईला एवढ्या मोठ्याने का म्हणावे लागते? कारण ती मेली तरी शेजारची भिंत तिच्यापेक्षा महत्त्वाची ठरते.

डिसेंबर २०२२ मध्ये मेगनने न्यायालयात साक्ष दिली. हे सारे भोगावे लागणार हे ठाऊक असते तर त्याने मला मारून टाकले असते तरी बरे झाले असते, अशा आशयाचे ती बोलली. टाळ्या घेणारी, जगासमोर छाती पुढे काढून चालणारी तीच ही बाई. २३ डिसेंबर रोजी ज्यूरीने टोरी लेन्झला तिन्ही आरोपांत दोषी ठरवले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. सेलियाला जे न्यायालयात मिळाले नाही, ते मेगनला १६७ वर्षांनी मिळाले. पण किती किंमत मोजून!

हे वाचताना आपल्याला आपला महाराष्ट्र आठवला नाही तरच नवल. मथुरा प्रकरण म्हणून ओळखला जाणारा खटला १९७२ सालचा, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातला. एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनीच ठाण्यात बलात्कार केल्याचा आरोप. सत्र न्यायालयाने तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्यामागचे मुख्य कारण. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले, तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला. फिर्यादी स्त्री 'बदचालीची' आहे असे दाखवून तिची साक्ष खोडून काढण्याची मुभा देणारी तरतूद तर आपल्या पुरावा कायद्यात २००२ सालापर्यंत होती. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हाही मारल्या गेलेल्या माउलीच्या चारित्र्याविषयीच कुजबुज पसरवली गेली आणि अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा न्यायालयात टिकला नाही. ह्यूस्टन असो की भंडारा, शोषित समाजातल्या बाईला आधी आपण 'विश्वासार्ह' आहोत हे सिद्ध करावे लागते आणि मगच तिच्यावरच्या अन्यायाची सुनावणी सुरू होते.

येथे आमच्याच चळवळीतून एक आक्षेप येईल आणि तो आम्ही टाळणार नाही. कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी जून १९३६ मध्ये मुंबईत मुरळी, जोगतिणी, देवदासी भगिनींच्या सभेत ते जिणे सोडून देण्याचे आवाहन केले. तमाशाच्या बोर्डावर आमच्या आयाबहिणींना नाचवले गेले, म्हणून आपण जलसा उभा केला. मग अशा गाण्याचे समर्थन तुम्ही कसे करता?

आमचे उत्तर असे. बाबासाहेबांचा राग देहावर नव्हता, देहावरच्या दुसऱ्याच्या मालकीवर होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडे वरच्या जातीच्या बायकांप्रमाणे नेसा, अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाकून द्या, असे सांगितले. हा उपदेश काही कपड्यांच्या आवडीनिवडीचा नव्हता. माझ्या अंगावर काय असावे हे जात ठरवणार नाही, मी ठरवणार, हा त्याचा अर्थ. तमाशातल्या कलावतीच्या ओठावरचे शब्द बहुधा पुरुषाने रचलेले असत, समोरचा दौलतजादा पुरुषाचा असे, आणि नाचल्यानंतर 'हलक्या जातीची' हा शिक्का तिच्याच कपाळी असे. डॉ. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या २०२२ सालच्या ग्रंथात हेच तपासले आहे. अश्लीलतेचा शिक्का जातीने कसा मारला आणि त्या स्त्रियांनी माणुसकीसाठी कशी धडपड केली, याची ती चिकित्सा आहे. म्हणून विचारायचा प्रश्न 'गाणे श्लील की अश्लील' एवढाच नाही. शब्द कुणाचे, पैसा कुणाचा, आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकार कुणाकडे, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

या कसोटीवर 'सॅव्हेज'ही पूर्ण उतरते असे आम्ही म्हणणार नाही. गाण्याच्या गीतकारांच्या यादीत बियॉन्सेचे पती जे-झी आणि द-ड्रीम या पुरुषांचीही नावे आहेत. मूळ गाणे घराघरांत पोहोचवले ते किरा विल्सन या तरुण कृष्णवर्णीय मुलीने बसवलेल्या नाचाने. तो नाच लाखोंनी उचलला, पण तो तिचा आहे याची कायदेशीर नोंद व्हावी म्हणून तिलाही वेगळी खटपट करावी लागली. आणि संपत्तीच्या बढाईचे काय? एका स्त्रीच्या घरी कोट्यवधी डॉलर आले म्हणून ह्यूस्टनच्या वस्तीतल्या मोलकरणीची मजुरी वाढत नाही. बाजार बंडाचीही बाटली भरून विकतो. आपल्यातला एखादा मोठ्या गाडीतून उतरला की सारा समाज गाडीत बसला, असे समजण्याची चूक आपणही कमी केलेली नाही. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता सांगितली ती यासाठीच. बंधुता नसेल तर एकट्याची उन्नती ही केवळ वरच्या पायरीवरची बदली ठरते.

म्हणूनच या कहाणीतला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग गाण्याचा नाही, पदवीचा आहे. एवढे सारे चालू असताना, खटल्याचा निकाल लागायचा असताना, डिसेंबर २०२१ मध्ये मेगनने टेक्सास सदर्न विद्यापीठातून आरोग्य प्रशासनाची पदवी घेतली. हे विद्यापीठ कसे उभे राहिले ते आमच्या तरुणांना माहीत असायला हवे. १९४६ साली ह्यूस्टनचे एक टपालवाले, हेमन स्वेट, यांनी टेक्सास विद्यापीठाच्या कायदा शाखेत प्रवेश मागितला. पात्रता होती, कातडी काळी होती, म्हणून नकार मिळाला. ते कोर्टात गेले. त्यांना गोऱ्यांच्या वर्गात बसू द्यावे लागू नये म्हणून सरकारने १९४७ साली ह्यूस्टनमधल्या एका कृष्णवर्णीय महाविद्यालयालाच घाईघाईने विद्यापीठाचे रूप दिले आणि वेगळे कायदा विद्यालय काढले. थरगुड मार्शल यांनी स्वेट यांची बाजू मांडली आणि १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही वेगळी सोय बरोबरीची नाही, स्वेट यांना प्रवेश दिलाच पाहिजे. ज्या विद्यापीठाला राज्याने दूर ठेवण्यासाठी मोठे केले, तेच पुढे कृष्णवर्णीयांच्या ज्ञानाचे घर झाले. त्याच्या कायदा विद्यालयाला आज थरगुड मार्शल यांचेच नाव आहे. त्या प्रांगणातून पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलगी 'मी हुशार आहे' अशी बढाई मारते, तेव्हा तिच्या मागे एका टपालवाल्याचा दावा उभा असतो.

तर आमच्या त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आमचे उत्तर एवढेच आहे. काका, ही गाणी तुम्हाला आवडलीच पाहिजेत असे नाही. आम्हालाही सारी आवडत नाहीत. पण वस्तीतली एखादी मुलगी आरशासमोर उभी राहून ते बोल पुटपुटत असेल तर तिला हटकू नका. ज्या मुलीला शाळेत, बसमध्ये, नोकरीच्या मुलाखतीत नजरेनेच 'तू कोण' असे विचारले जाते, ती घरात 'मी आहे' असे म्हणण्याचा सराव करते आहे. तिला एवढेच सांगा की बाई, नुसत्या तोऱ्यावर थांबू नकोस. करारावर सही करण्यापूर्वी तो वाच. शेजारची मैत्रीण पुढे गेली तर तिच्यावर जळू नकोस, तिच्या बाजूला उभी राहा. पदवी पुरी कर. आणि अन्याय झाला तर जग काय म्हणेल याची पर्वा न करता साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहा.

आणि ती उभी राहील त्या दिवशी, तिने कोणती गाणी म्हटली होती हे न विचारता, आपण साऱ्यांनी कोर्टाच्या आवारात तिच्यामागे उभे राहायचे आहे. दावा तिने मांडला आहे. साक्षीदार आपल्याला व्हायचे आहे.

जयभीम!